मुलांसह वल्हवताना: उथळ पाण्यापासून पहिल्या शर्यतीपर्यंत

मुलांना घेऊन कयाक किंवा कनूतून, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या लहान, अरुंद बोटींतून, पाण्यावर जायचे असे घरात ठरले, की पहिली चर्चा होते ती कोणती बोट घ्यावी याची. हा प्रश्न खरे तर चौथा किंवा पाचवा आहे. त्याआधी मोठ्यांना वल्हवणे कितपत येते, मुलाला कोणते लाइफ जॅकेट नीट बसते, पाण्यात पडल्यावर ते मूल काय करते आणि आपण कोणत्या पाण्यावर जाणार आहोत, हे ठरायला हवे. एवढे ठरले की बोटीची निवड बरीचशी सोपी होते. पुढील पायऱ्या याच क्रमाने दिल्या आहेत. त्या चढण्याची गती मात्र मुलाने ठरवावी. घरी परतताना ते "पुन्हा कधी जायचे?" असे विचारत असेल तर पुढची पायरी चढायला हरकत नाही, आणि ते गप्प बसून राहिले असेल तर आहे त्याच पायरीवर आणखी काही दिवस काढावेत.

आधी मोठ्यांनी शिकावे

मुलाला बोटीत बसवण्यापूर्वी किमान एका मोठ्या माणसाला काही गोष्टी सहज जमल्या पाहिजेत. तोल न घालवता बोटीत बसणे आणि उतरणे, वारा असतानाही ठरलेल्या दिशेने जाणे, थांबणे, मागे येणे, जागच्या जागी वळणे, आणि बोट उलटली तर ती न सोडता स्वतःसह काठाला आणणे. यातील शेवटची गोष्ट वाचून येत नाही. ती प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, उथळ पाण्यात, प्रत्यक्ष बोट उलटवूनच शिकावी लागते. पाण्याने भरलेल्या कनूचे वजन काही शे किलो होते आणि ती प्रवाहात वाहू लागली की तिच्यापुढे सापडलेला माणूस खडकावर दाबला जाऊ शकतो. म्हणून उलटलेल्या बोटीच्या नेहमी वरच्या अंगाला, म्हणजे ज्या बाजूने प्रवाह येतो त्या बाजूला राहावे, हा नियम हाडीमाशी भिनायला हवा.

पोहता न येणाऱ्या प्रत्येक लहान मुलामागे एक सक्षम मोठे माणूस असावे. दोन मुले आणि एकच पालक असे गणित असेल तर सहलीत आणखी एक कुटुंब जोडून घ्यावे, किंवा त्या दिवशी एकाच मुलाला न्यावे. दुसरे मूल रुसेल हे खरे, परंतु दोन मुले एकाच वेळी पाण्यात पडली तर एका माणसाला दोघांकडे पोहोचता येईलच असे नाही.

पहिल्या काही फेऱ्यांसाठी लहान तळे किंवा आडोशाची खाडी निवडावी. तळ हळूहळू उतरत गेलेला असावा, काठाजवळ मोठ्यांच्या कमरेएवढेच पाणी असावे, मोटारबोटींची वर्दळ नसावी आणि प्रवाह जाणवू नये. नदी नंतर.

लाइफ जॅकेट: या बाबतीत घाई नको

सगळ्या साहित्यात सर्वाधिक वेळ याच वस्तूवर घालवावा. लाइफ जॅकेटची उत्प्लावक शक्ती न्यूटनमध्ये मोजतात. १० न्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलो वजन उचलून धरण्याएवढा आधार. ५० न्यूटन वर्गातील जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी, आडोशाच्या पाण्यासाठी आणि मदत जवळ असेल अशा ठिकाणांसाठी असते. ते बुडू देत नाही, परंतु बेशुद्ध माणसाला उताणे करून त्याचा चेहरा पाण्यावर ठेवण्याची खात्री देत नाही. १०० न्यूटन आणि त्यावरील वर्गांची रचना मात्र शरीर उताणे वळवण्याच्या दृष्टीने केलेली असते. लहान मापांत प्रत्यक्ष आधाराचा आकडा शरीराच्या वजनाप्रमाणे कमी होतो, त्यामुळे मुलासाठी खरेदी करताना केवळ आकडा न पाहता शिवलेल्या पट्टीवरील वर्ग आणि वजनमर्यादा वाचावी. पोहता न येणाऱ्या मुलासाठी मानेमागे कॉलर असलेले, वरच्या वर्गातील जॅकेट घ्यावे.

"पुढच्या वर्षीही चालेल" या हिशेबाने एक माप मोठे घेण्याची सवय कपड्यांपुरती ठीक आहे, येथे ती घातक ठरते. सैल जॅकेट पाण्यात वर सरकते आणि मूल त्याच्या खालून निसटू लागते. जॅकेट बसते की नाही हे पाहण्यासाठी ते घालून सर्व पट्टे आवळावेत, मुलाला हात सरळ वर करायला सांगावे आणि जॅकेट खांद्यांवर धरून वर ओढावे. ते हनुवटीच्या किंवा कानांच्या वर गेले तर ते मोठे आहे. लहान मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असलाच पाहिजे आणि तो प्रत्येक वेळी लावलाच पाहिजे. मुले त्याविषयी कुरकुर करतात, तेवढी ऐकून घ्यावी. मानेमागचे हँडल मुलाला पाण्यातून उचलण्यासाठी असते, म्हणून तेही ओढून पाहावे. नंतर उथळ पाण्यात मुलाला जॅकेटसह तरंगू द्यावे. पोहता येणाऱ्या मोठ्यांसाठी असलेली हवेवर फुगणारी जॅकेटे लहान मुलांना घालू नयेत, आणि दंडावरच्या फुगवण्याच्या पट्ट्या किंवा कंबरेची रबरी कडी ही खेळणी आहेत हे लक्षात ठेवावे.

मोठ्यांनी स्वतःही जॅकेट घालावे, आणि तेही पट्टे लावून. मुलाला वाचवायचे असेल तर आधी आपण तरंगत असले पाहिजे. शिवाय, मुलाने घालायचे आणि बाबांनी बोटीत बाजूला ठेवायचे, हा भेद मुलांना फार लवकर कळतो.

एक सूचना तान्ह्या बाळांविषयी. बाळाच्या वजनाला योग्य असे जॅकेट मिळत नसेल तर बाळ पाण्यावर नेऊ नये. बाळाला झोळीने किंवा पट्ट्यांनी अंगाशी बांधून वल्हवू नये, गाडीतील आसनात बसवून ते आसन बोटीत ठेवू नये, आणि कोणत्याही वयाच्या मुलाला बोटीला बांधू नये. बोट उलटली की त्या गाठी सोडवायला सवड मिळत नाही.

ठरवून पाण्यात पडणे

मुलाला पाण्यात पडण्याची भीती वाटते ती बहुधा पुढे काय होईल हे माहीत नसल्यामुळे. ही भीती समजावून जात नाही, खेळून जाते. उबदार दिवशी, कमरेएवढ्या पाण्यात, मुलाने जॅकेट घालून पाठीवर पडावे, पाय मारावेत, जॅकेटला बांधलेली शिट्टी फुंकावी, बोटीच्या टोकाची दोरी पकडावी. त्यानंतर सर्वांनी मिळून बोट हलवून हलवून शेवटी उलटवावी. बहुतेक मुलांना पूर्ण सहलीपेक्षा हाच भाग अधिक आवडतो.

बोट उलटल्यावर काय करायचे याचा क्रम पाठ असावा. आधी माणसे मोजावीत, मग बोट पकडावी, त्यानंतर वल्ही, आणि सामान सर्वांत शेवटी. प्रत्येकाला एक क्रमांक देऊन ठेवल्यास ही मोजणी पटकन होते: पाण्यातून डोके वर येताच ज्याने त्याने आपला क्रमांक मोठ्याने ओरडायचा. उलटलेल्या कनूखाली हवेची पोकळी राहते आणि मूल तिथे सापडले तरी श्वास घेऊ शकते. हे मुलाला आधी मोठ्यांबरोबर त्या पोकळीत नेऊन दाखवावे. अंधार आणि घुमणारा आवाज यांची ओळख झाली की गोंधळ कमी होतो. बंद आसनाच्या कयाकमध्ये बसणाऱ्या थोड्या मोठ्या मुलांना उलट्या अवस्थेत पाय सोडवून बाहेर येण्याचा सराव द्यावा, आणि तो पक्का होईपर्यंत कंबरेभोवतीचे आच्छादन, ज्याला स्प्रे स्कर्ट म्हणतात, वापरू नये.

पाणी थंड असेल तर सगळी गणिते बदलतात. हवेपेक्षा पाणी शरीरातील उष्णता सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. पाण्याचे तापमान १५ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर पडताक्षणी धाप लागते, श्वासावर ताबा राहत नाही आणि याच पहिल्या मिनिटात अनेक जण पाणी गिळून बुडतात. कॅनडातील शरीरक्रिया तज्ज्ञ गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी हे लक्षात ठेवण्यासाठी '१-१०-१' हे सूत्र प्रचारात आणले: श्वास ताब्यात आणायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती सुमारे १० मिनिटे, आणि थंडीने शुद्ध हरपण्यापूर्वीचा सुमारे १ तास. हे आकडे मोठ्यांचे आहेत. मुलांच्या शरीराचे पृष्ठफळ वजनाच्या मानाने जास्त असल्याने ती लवकर गारठतात. म्हणून कपडे हवेच्या नव्हे, पाण्याच्या तापमानाप्रमाणे निवडावेत. सुती कपडे भिजले की ऊब देत नाहीत. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे, आणि थंड पाण्यात वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख, हाच योग्य पर्याय. पाणी थंड आणि मूल लहान असेल तर त्या ऋतूत काठावरच खेळावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

आता बोटीविषयी

पहिले काही महिने बोट भाड्याने किंवा क्लबकडून घ्यावी. निरनिराळ्या बोटी वापरून पाहिल्या की आपल्या घराला काय सोयीचे ते कळते.

दोन मोठे आणि एक-दोन लहान मुले एकाच बोटीत बसवायची असतील तर उघडी कनू सर्वांत सोयीची. सुमारे ४.९ ते ५.२ मीटर लांबीची, मध्यभागी रुंद आणि सपाटसर तळाची कनू घ्यावी. अनुभवी व्यक्तीने मागे बसावे, कारण दिशा मागून राखली जाते; दुसऱ्या मोठ्याने पुढे बसावे आणि मुलांनी मध्ये, तळावर, मागच्या माणसाच्या हाताच्या टप्प्यात. वजन जितके खाली तितका तोल अधिक, म्हणून मूल उभे राहिले तर ओरडण्याऐवजी मोठ्यांनी आधी स्वतः गुडघ्यांवर यावे आणि मग त्याला बसवावे. सामान भरल्यावर बोटीची कड पाण्यापासून किमान १५ सेंटिमीटर वर राहायला हवी. पुढचा भाग किंचित हलका असलेली बोट सहसा सरळ जाते. तो फारच हलका झाला तर समोरचा वारा तिला फिरवत राहतो.

उबदार पाण्यासाठी वर उघड्यावर बसायची कयाक, म्हणजे सिट-ऑन-टॉप, नवशिक्यांना चांगली. ती उलटली तर मूल सरळ बाहेर पडते, तळातील छिद्रांतून पाणी निघून जाते आणि पुन्हा वर चढणे त्या मानाने सोपे असते. अंग मात्र सतत ओले राहते. पॅडलबोर्डवर, म्हणजे उभे राहून वल्हवायच्या तरंगत्या फळीवर, मुले आश्चर्यकारक वेगाने उभी राहायला शिकतात, परंतु उभे शरीर वाऱ्यात शिडाचे काम करते. शांत पाण्यावर बोर्डाला जोडणारा पट्टा घोट्याला बांधतात. वाहत्या पाण्यावर तो घोट्याला कधीही बांधू नये: बोर्ड एखाद्या फांदीच्या एका बाजूला आणि माणूस दुसऱ्या बाजूला गेला तर प्रवाहाच्या जोरात वाकून घोट्यापर्यंत हात नेता येत नाही. तेथे ओढताच सुटणारा कमरेचा पट्टाच वापरावा. हवेवर फुगणाऱ्या कयाक चांगल्या प्रतीच्या असल्या तर उपयोगी पडतात, मात्र त्या हलक्या असल्यामुळे वाऱ्याने फार भरकटतात.

वल्हे मुलाच्या मापाचे असावे

मोठ्यांचे वल्हे मुलाला दिले की दहा मिनिटांत त्याचे मनगट दुखते आणि त्याला वाटते की हा खेळच आपला नाही. मुलांच्या वल्ह्याचा दांडा बारीक, पाते लहान आणि वजन कमी असते. तीन-चार वर्षांच्या मुलालाही स्वतःचे छोटे वल्हे द्यावे. ते बोट पुढे नेणार नाही, कदाचित पाणीच उडवत बसेल, तरीही बोटीत आपलेही काम आहे ही जाणीव त्याला होते.

शिकवताना सूचना थोड्या असाव्यात. पाते पूर्ण बुडवावे, हातांनी ओढण्यापेक्षा कमरेपासून वरचे अंग वळवावे, पाते नितंबाजवळ आले की बाहेर काढावे, एवढे पहिल्या हंगामाला पुरे. लय मात्र सुरुवातीपासून हवी. उत्तर अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या कनू शर्यतींत वल्हवणारे एकाच बाजूला काही फटके मारतात आणि मागच्याने "हट!" अशी आरोळी देताच सर्व जण एकदम बाजू बदलतात, त्यामुळे दिशा राखण्यासाठी वेगळा फटका मारण्यात वेग वाया जात नाही. मिनेसोटातील बोट-रचनाकार जीन जेन्सन यांनी पुढे आणलेले वाकड्या दांड्याचे वल्हे याच पद्धतीला साजेसे आहे. मुलांना ही आरोळी देण्याचे काम सोपवावे. फटके मोजण्यात ती इतकी गुंगतात की अंतर कधी संपले हे त्यांना कळत नाही. आरोळी फारच लवकर लवकर येऊ लागली तर तीही सहन करावी.

दिवस कसा आखावा

अंतराचा अंदाज मोठ्यांच्या वेगावरून बांधू नये. दोन मोठे कनू आरामात ताशी चार-पाच किलोमीटर नेतात. मुले, थांबे आणि बेडूक दिसल्यावर होणारे मुक्काम धरले तर त्याच्या निम्मा वेग समजावा. पहिली फेरी तासाभरापेक्षा मोठी नसावी आणि मुले कंटाळण्यापूर्वी संपावी. परत फिरण्याची वेळ निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावी, आणि ती पाळताना "आता त्या वळणापर्यंत तरी" हा मोह मोठ्यांनीच आवरावा. मुलांना बहुधा तो होत नाही.

हवामानात सर्वांत जास्त लक्ष वाऱ्याकडे द्यावे. पाऊस दिसतो आणि त्रास देतो, वारा मात्र बोट उलटवतो. ताशी १२ ते १९ किलोमीटर वारा म्हणजे वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या बोफर्ट मापनात ३. या वेळी मोकळ्या पाण्यावर कुठे कुठे पांढरा फेस दिसू लागतो. मुले बरोबर असताना हा फेस दिसला की काठ धरावा. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जावे म्हणजे दमल्यावर परत येताना वारा पाठीशी राहतो. काठाकडून आत वाहणारा वारा विशेष फसवा असतो, कारण काठाजवळचे पाणी अगदी शांत भासते आणि बोट मात्र नकळत आत जात राहते. मेघगर्जना ऐकू आली की लगेच पाण्याबाहेर यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे थांबावे.

नदीवर जाऊ लागल्यावर दोन धोक्यांची नावे मुलांनाही ठाऊक असावीत. पहिला धोका म्हणजे बुटका बंधारा. तो वरून पाहताना पाण्यातील एक साधी आडवी रेघ दिसते. परंतु त्यावरून पडणारे पाणी तळाशी जाऊन उसळते आणि पृष्ठभागावरून पुन्हा बंधाऱ्याकडेच वळते, त्यामुळे तेथे अडकलेली तरंगती वस्तू किंवा माणूस वारंवार आत ओढला जातो. बंधाऱ्याच्या बऱ्याच आधी उतरून काठाने चालत पुढे जावे. दुसरा धोका म्हणजे पाण्यात कोसळलेले झाड: पाणी फांद्यांतून गाळून निघून जाते आणि माणूस फांद्यांत अडकून राहतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, म्हणून काल सोपी वाटलेली नदी पावसानंतर आज वेगळीच नदी असते. वाहत्या पाण्यात पडल्यास पाठीवर, पाय प्रवाहाच्या दिशेने आणि पायांची बोटे पाण्यावर ठेवून तरंगावे, व पाणी अगदी उथळ होईपर्यंत उभे राहण्याचा प्रयत्न करू नये; पाय खडकात अडकला तर प्रवाह माणसाला पुढे झुकवून पाण्याखाली दाबतो. नद्यांच्या कठीणपणाची १ ते ६ अशी आंतरराष्ट्रीय श्रेणी आहे. कुटुंबाने शांत पाण्यावर आणि पहिल्या श्रेणीतच बराच काळ काढावा आणि त्यापुढे प्रशिक्षकासोबतच जावे.

बरोबर घ्यायच्या वस्तूंत प्रत्येकाचा सुका कपड्यांचा जोड जलरोधक पिशवीत, सर्वांच्या जॅकेटला शिट्टी, १५ ते २० मीटर दोरी असलेली, पाण्यात पडलेल्याकडे फेकायची पिशवी, एक जादा वल्हे, पाणी उपसण्याचे भांडे, प्रथमोपचार, बोटे झाकणारे बूट आणि जलरोधक वेष्टनातील फोन या असाव्यात. शिट्टीचे तीन सलग फुंकर हा संकटाचा इशारा म्हणून अनेक ठिकाणी ओळखला जातो. मुलांनी तो गंमत म्हणून वाजवू नये हेही शिकवावे. पाण्यावरून परावर्तित होणारे ऊन टोपीखालूनही चेहऱ्यावर येते, म्हणून उन्हाचे मलम दर दोन तासांनी पुन्हा लावावे. खाऊ अंदाजापेक्षा जास्त न्यावा आणि भूक लागण्यापूर्वी द्यावा. कोणत्या वेळी कुठून निघालो व किती वाजता परतणार हे काठावरच्या एका व्यक्तीला सांगून ठेवावे.

मूल थरथरू लागले की सहल संपली असे समजावे. अडखळत बोलणे, पाय लटपटणे, आणि अंग गार असूनही थरथर थांबणे ही गंभीर लक्षणे आहेत. ओले कपडे काढून, सुके घालून, वाऱ्यापासून आडोसा देऊन वैद्यकीय मदत मागवावी.

रात्रीचा मुक्काम

दिवसाच्या सहली अंगवळणी पडल्या की एका रात्रीचा मुक्काम करून पाहावा. कनूत सामान भरपूर मावते, आणि हाच धोका आहे. पहिला मुक्काम बोट ठेवतो तेथून दोन तासांच्या आत असावा, म्हणजे रात्री मूल आजारी पडले किंवा फारच रडले तर सकाळी उठून घर गाठता येते. मुलांनी पाण्याजवळ एकटे जायचे नाही, आणि पाण्याच्या दिशेने ठरलेल्या एका झाडाच्या पुढे गेले की जॅकेट अंगावर हवे, हा नियम तंबू लावण्यापूर्वी सांगावा. पाण्याचे अनेक अपघात बोटीत नव्हे, काठावर घडतात. शौचासाठी आणि भांडी घासण्यासाठी पाण्यापासून किमान ६० मीटर दूर जावे, आणि मातीत १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करावा. बोट रात्री पाण्यापासून दूर ओढून, उलटी करून बांधून ठेवावी.

पहिली शर्यत

शर्यतीचा विषय मुलाने काढला तर उत्तम. पालकांनी काढला असेल तर तो का काढला हे एकदा स्वतःला विचारावे.

वल्हवण्याच्या शर्यतींचे प्रकार फार वेगवेगळे आहेत आणि मुलाच्या स्वभावाप्रमाणे निवड करता येते. सपाट पाण्यावरील स्प्रिंट प्रकारात २००, ५०० आणि १००० मीटर अशी अंतरे असतात. हा प्रकार १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासून पदकांसाठी खेळला जातो. त्यातील एकेरी कयाक ५.२ मीटरपर्यंत लांब आणि इतकी अरुंद असते, की नवशिक्याला तीत नुसते बसून राहणेही अवघड जाते. म्हणून क्लब मुलांना आधी रुंद, स्थिर बोटी देतात आणि हळूहळू अरुंद बोटींकडे नेतात. स्लॅलममध्ये उसळत्या पाण्यावर टांगलेल्या खांबांच्या १८ ते २५ दारांमधून जायचे असते: हिरवी दारे प्रवाहासोबत, लाल प्रवाहाविरुद्ध, खांबाला स्पर्श झाला तर २ सेकंद आणि दार चुकले तर ५० सेकंद दंड. बारकाव्यात रमणाऱ्या मुलांना हा प्रकार आवडतो. ज्यांना घोळक्यात राहायला आवडते त्यांच्यासाठी ड्रॅगन बोट आहे. मोठ्या बोटीत २० जण ढोलाच्या तालावर वल्हवतात आणि नवख्या मुलाचा फटका थोडा चुकला तरी बोट पुढे जातेच.

लांब पल्ल्याच्या म्हणजे मॅरेथॉन प्रकारात कुटुंबाला सर्वाधिक वाव मिळतो, कारण येथे बोटीतल्यांइतकीच काठावरच्यांची गरज असते. इंग्लंडमधील डिव्हायझिस ते वेस्टमिन्स्टर ही १९४८ पासून होणारी, सुमारे २०० किलोमीटरची शर्यत याचे चांगले उदाहरण. वाटेत ७७ ठिकाणी बोट उचलून काठाने धावत जावे लागते. मोठे स्पर्धक ती एका दमात पूर्ण करू शकतात, तर कनिष्ठ गट हेच अंतर चार दिवसांत, रोज मुक्काम करत पार करतो. आणि वाटेत खाणे, कोरडे कपडे व धीर देण्याचे काम घरचे लोक आणि क्लबचे स्वयंसेवक करतात. दक्षिण आफ्रिकेतील पीटरमॅरिट्झबर्ग ते डर्बन ही दुसी शर्यत १९५१ मध्ये सुरू झाली. तीही बोट खांद्यावर घेऊन डोंगर चढण्यासाठी प्रसिद्ध आहे. घरातील एक जण शर्यतीत आणि बाकीचे काठावर, ही विभागणी आलटून पालटून केली तर लहान भावंडांनाही काम मिळते.

अर्थात पहिली शर्यत इतकी मोठी नसावी. क्लबची अंतर्गत, अर्ध्या तासात संपणारी शर्यत पुरेशी आहे, आणि ती पालक-मूल अशा जोडीने दुहेरी बोटीत केली तर फारच छान. त्याआधी तेच अंतर दोन-तीनदा आरामात वल्हवलेले असावे. आदल्या दिवशी नवीन काहीही करू नये: नवे बूट नाहीत, नवे वल्हे नाही, नवा खाऊ नाही. सुरुवातीच्या रेषेवर बोटींची गर्दी होते आणि त्यांच्या लाटांनी नवखी बोट उलटू शकते, म्हणून कडेला किंवा थोडे मागे थांबावे आणि पहिली मिनिटे घाई न करता जावीत. पुढे गेल्यावर मुलाला एक युक्ती शिकवावी: पुढच्या बोटीच्या मागे किंवा बाजूला उठणाऱ्या लाटेवर आपली बोट बसवली तर तोच वेग कमी श्रमात राखता येतो. यालाच वॉश धरणे म्हणतात आणि मॅरेथॉन शर्यतीतील डावपेच बरेचसे याभोवतीच फिरतात. पाण्याची बाटली नळीसह जॅकेटला अडकवावी, म्हणजे वल्हे न सोडता पिता येते.

शर्यत अर्धवट सोडण्याची पद्धत आधी बोलून ठरवावी. कोणाला सांगायचे, कोणत्या ठिकाणी काठाला लागायचे, आणि "मला थांबायचे आहे" असे मुलाने दोनदा म्हटले तर वाद न घालता थांबायचे. काठावरून ओरडून तंत्र शिकवणाऱ्या पालकाचा आवाज मुलाला नेमका कळतो आणि त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. नाव घेऊन टाळ्या वाजवणे एवढेच करावे. वाढत्या वयातील खांदे आणि मनगटे एकाच हालचालीने शिणतात, म्हणून वर्षातील काही महिने वल्हे बाजूला ठेवून धावणे, सायकल, पोहणे, डोंगर चढणे असे काही तरी करावे. ज्या घरांना हे सगळेच आवडते त्यांनी नकाशा आणि होकायंत्र घेऊन ठरलेली ठिकाणे शोधण्याचा ओरिएंटीअरिंग हा खेळ शिकावा. त्यात अगदी लहान मुलांसाठी जंगलात दोरी बांधून मार्ग आखतात. दोरीला धरून चालायचे आणि वाटेतली चिन्हे शोधायची. पुढे वल्हवणे, चालणे आणि सायकल एकत्र असलेल्या साहस शर्यतींत नकाशा वाचणाऱ्याचीच सर्वाधिक गरज पडते, आणि घरातील धाकट्याला हे काम मोठ्यांहून चांगले जमल्याची उदाहरणे कमी नाहीत.

शर्यत किंवा सहल संपली की एक काम उरते, ते मुलांसोबतच करावे. बोट, वल्ही आणि बूट यांना चिकटलेल्या वनस्पती व चिखल त्याच ठिकाणी काढावेत, बोटीतील सगळे पाणी ओतून टाकावे आणि घरी आल्यावर सर्व वस्तू पूर्ण वाळवाव्यात, कारण परक्या वनस्पती आणि शिंपले एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात याच मार्गाने जातात. लाइफ जॅकेट उन्हात न टाकता सावलीत, हवा लागेल असे टांगावे. पट्ट्यांची शिवण, बकले आणि शिट्टी तपासावी. मुलाचे वजन जॅकेटवरील मर्यादेच्या जवळ आले असेल तर पुढच्या सहलीची वाट न पाहता तेव्हाच नवे माप पाहायला लागावे.